हायब्रिड जास्वंद की अडेनियम? आधी बाल्कनीत पाऊस कुठून येतो ते बघा

रविवारी संध्याकाळी आमच्या पार्किंगमध्ये कुणी गाडीची डिकी उघडली आणि आतून हिरवं काही डोकावलं, की पाय आपोआप तिकडे वळतात. या रविवारी वहिनी उरळी कांचनच्या बाजूच्या नर्सरीतून आल्या होत्या. एक हायब्रिड जास्वंद, बशीएवढ्या केशरी फुलाची. दुसरं कलमी अडेनियम, फुगीर खोडाचं, गुलाबी दुहेरी पाकळ्यांचं. आम्ही चौघी बघून घरी गेलो आणि रात्रीपर्यंत दोघींचे फोन आले. "तुझ्याकडे दोन्ही आहेत ना गं, मी कुठलं आणू?"

आहेत दोन्ही. फक्त जास्वंद पहिलीच आहे आणि अडेनियम तिसरं. आधीची दोन कुजली.

अडेनियम मूळचं आफ्रिकेच्या सहारालगतच्या कोरड्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं. पाणी साठवायला त्याने खोड फुगवून ठेवलेलं असतं. अशा झाडाला पुण्याचा जुलै दाखवायचा, म्हणजे पोट भरलेल्या पाहुण्याला आग्रह करकरून वाढण्यातला प्रकार. माझं पहिलं अडेनियम वर फुललेलं होतं, म्हणून मी निर्धास्त. एके सकाळी कुंडी सरकवायला खोडाला हात लावला तर बोट आत गेलं. पिकून काळ्या झालेल्या केळ्यासारखं झालं होतं ते. तेव्हापासून पावसाळ्यात दर चार दिवसांनी खोड दाबून बघते. टणक लागलं तर ठीक. उन्हाळ्यात जरा मऊ लागलं तर ते तहानलेलं असतं, पण पावसाळ्यात मऊ लागलं तर कूज सुरू झाली समजा. लवकर लक्षात आलं तर कुजका भाग स्वच्छ पांढरा गर लागेपर्यंत कापायचा आणि झाड आठवडाभर सावलीत कोरडं ठेवायचं. कधी वाचतं, कधी नाही.

जास्वंदीला हाच पाऊस मानवतो. कुंडीचं भोक मोकळं असलं की झालं. तिची परीक्षा एप्रिल-मेमध्ये. बारा इंची कुंडीतल्या जास्वंदीला तेव्हा रोज पाणी लागतं, गच्चीवर असेल तर दोन वेळा. मुलांच्या सुट्टीत आठ दिवस गावाला गेलात आणि शेजारी किल्ली ठेवायला कुणी नसेल, तर परत आल्यावर काड्या बघायच्या. अडेनियमला त्या आठ दिवसांत तुम्ही गेल्याचं कळतही नाही.

ऊन दोघांनाही हवं. पण जास्वंद चार तासांच्या पूर्वेकडच्या उन्हावर भागवते. अडेनियमला पाच-सहा तास कडक ऊन नसेल तर ते नुसतं लांबत जातं, फुलत नाही.

आता डिकीतल्या त्या बशीएवढ्या फुलाबद्दल. नर्सरीत हायब्रिड जास्वंद वीतभर उंच आणि कळ्यांनी लगडलेली दिसते, कारण बऱ्याचदा तिला वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं. घरी त्याचा असर ओसरला की फांद्या लांब सुटतात, फुलं कमी होतात. नर्सरीवाल्याने फसवलं असं वाटतं. तसं नसतं, छाटणी करत राहायचं. आणि रोज गणपतीला वाहायला लाल फूल हवं असेल तर हायब्रिडच्या नादी लागूच नका. देशी लाल जास्वंद तिच्या निम्म्याहून कमी पैशांत येते आणि जवळजवळ रोज फुलते. हायब्रिडचं फूल एखादा दिवस जास्त टिकतं, पण पुढच्या फुलाची वाट बघायला लावतं.

अडेनियम घेताना कलमी की बियांचं, हे आधी ठरवा. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचे रंग, जे मुख्यतः थायलंड आणि तैवानच्या पैदासकारांनी आणले, ते कलमावरच खात्रीचे. कलमाच्या सांध्याखालून फुटवा आला तर तो खुंटाचा, लगेच खुडायचा. बियांच्या रोपाचं खोड मात्र जास्त देखणं, बोन्साय करायचं असेल तर तेच घ्या. "दहा रंगांच्या बिया" अशी पाकिटं विकतात, त्यात रंगाची हमी काही नाही, कारण बी आईसारखं निघेलच असं नसतं.

किडीच्या बाबतीत जास्वंद डोकेदुखी आहे. पिठ्या ढेकूण शेंड्याला कापसासारखा चिकटतो आणि मुंग्या त्याला फांदीफांदीवर पोचवतात. पाण्याची जोरदार धार, मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवरूप साबण. हे दर आठवड्याला जमणार आहे का, ते स्वतःला विचारा. अडेनियमवर एखाद्या वर्षी बोटाएवढी जाड हिरवी अळी येते, मानेवर दोन निळे डोळे काढल्यासारखी. कण्हेरीवर येते तीच. दोन रात्रींत झाड बोडकं करते, पण हाताने उचलून टाकता येते. हातमोजे घाला, कारण अडेनियमचा चीक विषारी असतो. आफ्रिकेत तो बाणांना लावत. रांगतं मूल किंवा पानं चावणारी मांजर घरात असेल तर माझा सल्ला सरळ जास्वंदीचा.

फोन करणाऱ्या दोघींपैकी एकीची बाल्कनी पश्चिमेची, उघडी. दुपारचं ऊन झकास, पण जूनपासून वाऱ्याबरोबर पाऊस थेट आत आणि कुंडी हलवायला आडोसा नाही. तिला जास्वंद सांगितली, आत्ताच आण म्हटलं, पावसात मुळं धरेल. दुसरी महिन्यातून दहा दिवस दौऱ्यावर, तिच्या ग्रिलवर पत्रा आहे. तिने अडेनियमच घ्यावं, पण आत्ता नाही. जानेवारीअखेरीस एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाऊ तेव्हा घेऊ. फेब्रुवारीत वाळू आणि विटांचे तुकडे घातलेल्या मातीत बदलायचं, खोड जरा वर उचलून. पुढे चार महिने कोरडे मिळतात.

काल वहिनींनी बेल वाजवली. तळहातावर जास्वंदीच्या सहा कळ्या, न उमललेल्या. जागा बदलली की गळतात, पानं ताठ आहेत ना मग पुढची खेप येईल, असं सांगितलं. अडेनियम मात्र त्यांच्या कठड्यावरून उचलून माझ्या पत्र्याखालच्या फळीवर आणून ठेवलंय. कुंडीतून अजून पाणी ठिबकतंय.