दोन्ही चिठ्ठ्यांवर 2 निघालं (चार तारे)

कोल्हापुरात राजारामपुरीत डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे, तिथल्या कुटुंबनियोजनाच्या सल्ल्याबद्दल लिहितेय. फी 400 रुपये. 'मिस्टरांना घेऊनच या' असं फोनवरच सांगतात. आमचे हे शिरोलीला फौंड्रीत, त्यामुळं सुट्टीचा वार गाठून गेलो.

आधी दुसरीकडं गेलो होतो. तिथं डॉक्टर माझ्याकडं न बघता ह्यांनाच विचारत होते, 'ऑपरेशन उरकून टाकूया का?' आणि लेक तेव्हा दीड वर्षाची!

इथं मॅडमनी दोघांना एकेक चिठ्ठी दिली आणि पाठमोरं बसवलं. मुलं किती, आणि दुसरं कधी, एवढंच लिहायचं. ह्यांनी शाई संपल्यागत बराच वेळ पेन झटकलं. चिठ्ठ्या उघडल्या तर दोघांचंही 2. मी गारच. सासूबाईंचं 'नातू बघू दे' मी ह्यांचंच समजत होते, आणि माझं 'आत्ता नको' ह्यांनी 'कधीच नको' असं धरलेलं. पुढं 'कधी'वर मात्र जुंपली. ह्यांचं 'लगेच', माझं 'पाच वर्षांनी'. मॅडम मध्ये पडल्या नाहीत, निवांत चहा प्यायल्या. शेवटी तीन वर्षांवर तुटलं.

मग साधनं. अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी, पण बंद केल्यावर दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात. छाया गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. मी विसरणार हे ह्यांनीच सांगून टाकलं. तांबी (कॉपर-टी) दहा वर्षं चालते आणि हवी तेव्हा काढता येते, म्हणून तीच. सरकारी दवाखान्यात फुकट बसते हेही मॅडमनी आपणहून सांगितलं.

भिंतीवर 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे होते: देशात बायकांची नसबंदी 37.9 टक्के, पुरुषांची 0.3. हे ते वाचून गप्पच.

एक तारा कापला तो रिसेप्शनमुळं. तासभर ताटकळलो, वर ती मुलगी म्हणते तांबीच्या फॉर्मवर मिस्टरांची सही लागेल. मॅडमनी आतूनच झापलं, 'सल्ल्याला दोघं, सही बाईचीच!'

तांबी बसवून दोन महिने झाले. पहिल्या पाळीला जास्त गेलं, पण तसं होईल हे आधीच सांगितलं होतं. सासूबाईंना सांगायचं काम ह्यांच्याकडं आहे. दर रविवारी 'आज सांगतो' म्हणतात.