पडद्यावरचे ५५ टक्के : उबवणी यंत्र घेताना झालेली फसवणूक

आम्ही अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात राहतो आणि घरी गावरान कोंबड्या पाळतो. ऐन पिल्ले काढण्याच्या दिवसांत एकही कोंबडी खुडूक बसेना, म्हणून मार्चमध्ये मोबाइलवरील जाहिरात पाहून मी ९,५०० रुपयांचे इन्क्युबेटर मागवले. तापमान आणि आर्द्रता दोन्ही आपोआप सांभाळली जातात, शंभरातली नव्वद पिल्ले निघतात, असे विक्रेत्याने फोनवर छातीठोकपणे सांगितले. पैसे आधी घेतले आणि बिल ‘यंत्राबरोबर येईल’ म्हणाला. ते आजतागायत आलेले नाही.

यंत्राच्या पडद्यावर पहिल्या दिवसापासून ३७.५ अंश आणि ५५ टक्के असे आकडे होते. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस लागतात. पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के आर्द्रता हवी, हे मी वाचले होते. अठराव्या दिवशी बटण दाबले तेव्हा ५५ चे ६८ व्हायला पाच सेकंदही लागले नाहीत. बंद पेटीतली हवा इतक्या झटपट ओली होत नाही, एवढा साधा विचारही तेव्हा मनात आला नाही. उलट यंत्र चांगले निघाले याचा आनंदच झाला.

४८ अंड्यांतून पाच पिल्ले निघाली. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडात पाहून सात पोकळ अंडी बाजूला काढली होतीच. उरलेल्यांपैकी बहुतेक अंड्यांना बारीक चीर गेली होती, आतल्या पिल्लाची चोच दिसत होती, पण पांढरा पापुद्रा वाळून कागदासारखा पिल्लाच्या अंगाला चिकटला होता आणि त्याला मान फिरवता आली नव्हती. विक्रेत्याने दोष आमच्या कोंबड्यावर ढकलला. पण कोंबड्यात खोट असती तर अंडी सातव्या दिवशीच उजेडात पोकळ दिसली असती. त्या खोटीमुळे पूर्ण वाढलेले पिल्लू टरफलाशी येऊन मरत नाही.

मग ३५० रुपयांचा वेगळा आर्द्रतामापक आणला आणि आधी तोच तपासला. एका बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओलसर होईल इतकेच पाणी टाकायचे, मापकासह हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवायचे. मापक ७५ टक्क्यांच्या आसपास दाखवत असेल तर तो खरा. माझा ७३ दाखवत होता. तोच यंत्रात ठेवला तर २८! पडद्यावर मात्र ५५. झाकणामागचे स्क्रू काढून पाहिले, तेव्हा तापमानाची एकच तार आत आलेली होती आणि आर्द्रतेच्या सेन्सरची जागा रिकामी होती. आपण जो आकडा ठरवून देतो, तोच पडदा परत दाखवत होता.

विक्रेत्याला फोटो पाठवले, तर ‘अपग्रेड किट’चे आणखी १,२०० रुपये मागितले. ते मी दिले नाहीत, आणि त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले.

यंत्र घेतलेच असेल तर वजनकाट्यावर विश्वास ठेवा. दहा अंड्यांवर खूण करून पहिल्या दिवशी आणि अठराव्या दिवशी त्यांचे वजन करा. ते साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटायला हवे, म्हणजे ४५० ग्रॅमचे ३९५ च्या जवळपास. घट जास्त असेल तर हवा कोरडी आहे. कमी असेल तर हवा दमट आहे आणि पिल्लू आतच गुदमरू शकते, हे पावसाळ्यात ध्यानात ठेवावे. आर्द्रता वाढवायला खोल भांडे कामाचे नाही, पसरट ताट हवे, कारण पाण्याचा पृष्ठभाग महत्त्वाचा असतो. आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात तेवढ्यानेही भागले नाही, तेव्हा ताटात ओले गोणपाट उभे केले. अठरा दिवसांनंतर झाकण उघडायचे नाही, मन कितीही अधीर झाले तरी. दुसऱ्या खेपेला ४० अंड्यांतून २९ पिल्ले मिळाली.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, म्हणून तिथेही अर्ज करणार आहे. पक्के बिल नसल्याने पैसे पाठवल्याची नोंद, विक्रेत्याचे संदेश आणि रिकाम्या जागेचा तो फोटो एवढेच माझ्या हाती आहे.