डेकची दुरुस्ती: फळ्या धड होत्या, स्क्रू गेले होते

आमच्या ह्यांच्या वॉकरचा मागचा पाय फळीत रुतला, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घराच्या भिंतीला जोडलेला लाकडी ओटा, म्हणजे डेक, आतून गेलाय. वरून काहीच दिसत नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी एकाला पैसे मोजून त्यावर जाड चकचकीत व्हार्निश मारून घेतलं होतं. त्याआधी त्याने दाबाच्या फवाऱ्याने डेक धुतला आणि मऊ तंतू उखडून लाकूड केसाळ करून ठेवलं. वर्षभरात व्हार्निशचे पापुद्रे सुटले, भेगांतून पाणी आत शिरलं आणि वरच्या थरामुळे आतच कोंडलं. तो अनुभव गाठीशी असल्यामुळे या वेळी मिस्त्री निवडताना मी एकच गोष्ट पाहिली: माणूस आधी डेकखाली जातो की नाही.

तिघे येऊन गेले. दोघांनी वरूनच फळ्या मोजल्या आणि सगळा डेक नवा करायला सांगितलं. तिसरे मिस्त्री टॉर्च, टोच्या आणि ओलावा मोजायचं छोटं यंत्र घेऊन डेकखाली सरपटत गेले, ते पाऊण तासाने बाहेर आले. हा अभिप्राय त्यांच्या कामाबद्दल आहे.

डेक १८ फूट लांब, १० फूट रुंद. वर सागवानी फळ्या, खाली त्यांना आधार देणाऱ्या, औषध पाजलेल्या पाइनच्या १५ कड्या, म्हणजे आडव्या वाशा. मिस्त्रींनी मला वाकून बघायला लावलं आणि दाखवलं, की फळ्यांपैकी बऱ्याच अजून टणक आहेत, टोच्या जेमतेम टेकतो. गेले होते ते स्क्रू. डोकी शाबूत, पण लाकडाच्या आत दांडा झिजून पेन्सिलीच्या टोकाएवढा राहिलेला. त्यांनी चिमट्याने धरून एक ओढला तर डोकं हातात आलं. समुद्राजवळ हवेतलं मीठ पृष्ठभागावर बसतं, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि मग पाऊस नसला तरी लोखंड ओलंच राहतं. त्यात खालच्या पाइनला बुरशी लागू नये म्हणून जे औषध असतं त्यात तांबं असतं, तेही जस्ताचा मुलामा खातं. आमचे स्क्रू नुसत्या पातळ मुलाम्याचे होते. दोन्हीकडून मार.

सगळ्यात गंभीर भाग होता भिंतीकडची तुळई. डेकची एक अख्खी बाजू तिच्यावर टेकलेली असते. ती भिंतीला बोल्टने जखडलेली, आणि भिंत व तुळई यांच्या फटीत पाणी जाऊ नये म्हणून वर पत्र्याची पट्टी. आमची पट्टी अ‍ॅल्युमिनियमची होती, थेट त्या तांब्याच्या औषधाच्या लाकडाला टेकलेली. ती चाळणीसारखी झाली होती. तिच्याखाली यंत्राने ३४ टक्के ओलावा दाखवला. मिस्त्रींनी समजावलं की लाकूड २० टक्क्यांच्या आत राहिलं तर कुजवणारी बुरशी मूळ धरत नाही. तिशीच्या आसपास गेलं की तिला रान मोकळं. दीड हात लांबीत टोच्या लोण्यात जावा तसा गेला. मी तिथे रोज सकाळी ह्यांना खुर्चीत बसवत होते. ते ऐकून माझे हात गार पडले.

तुळई बदलायची म्हणजे आधी कड्यांना खालून टेकू द्यायचे, मगच जुनी सोडवायची. इथे मला या माणसाबद्दल खात्री पटली. त्यांनी टेकू लावायलाच अर्धा दिवस घेतला, प्रत्येकाखाली रुंद फळकूट ठेवलं, आणि ते होईपर्यंत मदतनिसाला एकाही बोल्टला हात लावू दिला नाही. नवी तुळई, आरपार जाणारे नवे बोल्ट, आणि वर स्टेनलेस स्टीलची पट्टी, तिची वरची कड भिंतीच्या आवरणाखाली सरकवलेली, म्हणजे पाणी तिच्यावरून बाहेर उतरावं. १५ कड्यांपैकी ४ कमकुवत होत्या. त्या त्यांनी काढल्या नाहीत, सडका भाग खरवडून शेजारी तेवढीच नवी कडी बोल्टने जोडली. फळ्यांच्या २१ ओळींपैकी ५ ओळी नव्या केल्या. बाकी फळ्या तशाच राहिल्या, आणि ज्यांनी सगळं उपटून टाका म्हणून सांगितलं होतं त्यांच्या बोलण्यावर मी विसंबले नाही याचं आज बरं वाटतं. एवढं जुनं, घट्ट रेषांचं सागवान फेकणं मला सहन झालं नसतं.

स्क्रूंबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण घेताना फसगत तिथेच होते. ‘स्टेनलेस’ एवढं ऐकून गप्प बसू नका. त्याच्या ३०४ आणि ३१६ या दोन जाती दिसायला सारख्या, चुंबकानेही फरक कळत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे मिठापुढे ते जास्त टिकतं. ३०४ वर चहाच्या डागांसारखा तांबूस गंज येतो. बोल्टच्या डोक्यावर ‘ए४’ कोरलेलं असतं ते ३१६ च्या जातीचं, ‘ए२’ म्हणजे ३०४ च्या. मिस्त्रींनी ३१६ चे डबे सीलबंद आणले आणि माझ्यासमोर फोडले. असे सहाशेच्या वर स्क्रू, आणि प्रत्येकासाठी आधी भोक पाडून घेतलेलं, कारण हे स्टील मऊ असतं, सागवानात जोराने घुसवलं तर मान मोडते. फळीचं टोक जिथे कापलं तिथे लगेच औषध चोपडलं. कापलेल्या टोकाकडून लाकूड पाणी भराभर पितं.

तक्रारही आहे. मदतनिसाने गंजलेले जुने बोल्ट ग्राइंडरने डेकवरच कापले आणि खाली काही अंथरलं नाही. लोखंडाचा कीस फळ्यांवर उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दव पडलेलं, आणि सागवानावर शेकडो काळे ठिपके. लाकडातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड ओलसर जागी भेटले की हा काळा डाग पडतोच. मी फार दुखावले. मिस्त्रींनी वाद घातला नाही. हातमोजे घालून ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने डाग काढले, भरपूर पाण्याने धुतलं, आणि त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. पण हे टाळता आलं असतं. तुमच्याकडे काम चालू असेल तर ग्राइंडर निघाला की ताडपत्री अंथरायला सांगा.

पाच दिवस सांगून नऊ लागले. त्यातले दोन तर फक्त वाट पाहण्यात गेले, पाऊस झाल्यावर यंत्राचा आकडा खाली येईपर्यंत त्यांनी तेल लावायला नकार दिला. तेव्हा मी वैतागले होते, आता त्यांचंच बरोबर वाटतं. ओल्या लाकडात तेल मुरत नाही. व्हार्निशऐवजी आत मुरणारं तेल दोन पातळ हातांत दिलं, उरलेलं पुसून घेतलं. तेलाच्या चिंध्या त्यांनी गोळा करून ठेवल्या नाहीत, पाण्याच्या बादलीत बुडवल्या. ढिगात त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

कठड्याचे खांब आधी नुसत्या स्क्रूवर होते. आता प्रत्येकाला दोन आरपार बोल्ट आहेत. काम संपल्यावर मिस्त्रींनी कठड्यावर अंगाचं सगळं वजन टाकून एकेक खांब ढकलून पाहिला, मग ह्यांना म्हणाले, “दादा, आता तुम्ही टेकून बघा.” ह्यांनी वॉकर बाजूला ठेवला, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

आता आठवड्यातून एकदा साध्या पाइपने गोड्या पाण्याने मीठ धुते आणि फळ्यांमधल्या फटींतला पाला पातळ काडीने काढते. मिस्त्रींनी उरलेले स्क्रू बरणीत घालून दिलेत आणि एका कागदावर ठिकाणं लिहिलीत, जिथे वर्षाने पुन्हा ओलावा मोजायचा. त्यात जिन्याची सर्वांत खालची पायरी आहे. ती जमिनीच्या फार जवळ आहे आणि मिस्त्री गेले तेव्हा तिथे ओलावा २२ टक्के होता.