पावणेतीन लाख किलोमीटर फिरलेली डिझेल पिकअप: एक हंगाम वापरल्यानंतर

2017 ची बीएस-4 (म्हणजे आताच्या बीएस-6 च्या आधीच्या प्रदूषण नियमातली) पिकअप, दुसरा मालक मी, घेतली तेव्हा मीटरवर 2,78,000. एक पावसाळा आणि टोमॅटोचा एक हंगाम काढून झाल्यावर लिहितोय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. एवढं फिरलेल्या गाडीत कंपनीपेक्षा आधीच्या मालकाने तिच्यावर काय लादलं याला जास्त किंमत असते.

आमचं गाव जुन्नर तालुक्यात. माल मुख्यतः नारायणगावच्या बाजारात, आणि भाव पाहून अधूनमधून माळशेज उतरून वाशीला. वर्षातले चार-पाच महिने गाडी रोज पळते, उरलेल्या दिवसांत खत, चारा, कधी शेजाऱ्याचं भाडं. एवढ्यासाठी दहा लाखांच्या आसपास जाणारी नवी गाडी आणि महिन्याला वीस हजारांच्या घरातला हप्ता परवडत नव्हता. टोमॅटोचा भाव पडला म्हणून हप्ता थांबत नाही.

गाड्या बऱ्याच पाहिल्या. सगळ्यात जास्त भीती वाटली ती कमी किलोमीटरच्या गाड्यांची. आठ वर्षं धंद्यावर चाललेली पिकअप आणि मीटर 90,000? म्हणजे दिवसाला तीस किलोमीटर. तेवढ्यावर कुणाचा धंदा चालतो? त्या गाडीच्या क्लच पॅडलचं रबर झिजून आतलं लोखंड चमकत होतं आणि ड्रायव्हरची सीट एका बाजूला बसली होती. मीटर मागे घेतलेलं असणार, दुसरं काय. त्यापेक्षा पावणेतीन लाख सरळ सांगणारा माणूस बरा. वर्षाला पस्तीस हजार, म्हणजे दिवसाला शंभरच्या आत. हा हिशोब पटणारा आहे.

एका गाडीवर मात्र मन बसलं होतं. पांढरी शुभ्र, टायर नवे, आवाजही गोड. सोबत आमचे मिस्त्री होते. मी बॉनेट उघडायला निघालो तर म्हणाले, "इंजिन नंतर बघू, आधी खाली झोपा." मागच्या कमानीचा हँगर जिथे चेसीला बसतो तिथे काळा रंग नवाकोरा होता, बाकी चेसीवर धूळ आणि गंज. मिस्त्रींनी खिशातलं नाणं काढून खरवडलं. रंगाखाली वेल्डिंगची जाड वळी निघाली, आणि तिच्या पुढे बोटभर केसासारखी चीर. गाडी वीट-वाळूवर चालली होती हे मालकाने मग कबूल केलं. इंजिन पैसे टाकून नवं करता येतं, पण तडकलेली चेसी जन्मभर तडकलेलीच. तिथून उठलो.

शेवटी घेतली ती गाडी फरसाण आणि वेफर्सच्या पोत्यांवर चाललेली. हौदा वरपर्यंत भरलेला, पण वजन काहीच नाही. बहुतेक पल्ला हायवेचा. मागच्या कमानीचे पाटे सरळ, जादा वजनासाठी एकही जादा पाटा घातलेला नाही, फाळके वाकलेले नाहीत. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, "दादा, आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका." पोचल्याबरोबर रेडिएटरला हात लावून पाहिला, थंड होता. अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली. सुरुवातीला थोडा पांढरा धूर, मिनिटभरात साफ. निळा धूर आला असता तर इंजिन ऑइल जाळतंय म्हणून परत फिरलो असतो. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं तर हलकी वाफ होती, भसाभसा बॅक मारत नव्हतं, म्हणजे आतला धूर झाकणातून जोरात बाहेर येत नव्हता. तिसऱ्या गिअरला हँडब्रेक ओढून क्लच सोडला तेव्हा गाडी लगेच बंद पडायला हवी होती, पण ती थोडी घसरून मग पडली. म्हणजे क्लच संपत आलेला. त्यावर भाव तोडला. चार लाखांच्या आत व्यवहार झाला आणि साठ हजार दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले.

कागदांचं थोडक्यात. आरसीवर बँकेच्या कर्जाचा बोजा होता, म्हणून बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे दिले नाहीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोर बसून. ई-चलन ऑनलाइन तपासलं, काही थकलेली निघाली, ती त्यांच्याकडून भरून घेतली. विम्याचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची हप्त्यातली सूट) मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे 'बोनस आहे' म्हणून कुणी भाव वाढवत असेल तर ऐकू नका. आरसीवरचं ग्रॉस वेट (गाडी आणि माल मिळून वजन) 3,000 किलोच्या आत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, हे बघून घ्या. आणि आठ वर्षं झाली की पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दोन वर्षांऐवजी दरवर्षी, वर पर्यावरण कर. आठव्या वर्षाच्या तोंडावर बऱ्याच गाड्या विकायला निघतात त्या याचमुळे, आणि भाव करायला जागाही तिथेच असते.

आता वापराचं. क्लच सेट पहिल्याच महिन्यात बदलला. प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, वाजत होता, तो बदलला. मागचे ब्रेक लायनर टाकून ड्रम फेसिंग केलं. सगळी ऑइलं, सगळे फिल्टर. साठातले पंचेचाळीस इथेच गेले. त्यानंतर मोठं काम निघालेलं नाही. अ‍ॅव्हरेज भरलेल्या गाडीला अकराच्या आसपास, रिकामी चौदापर्यंत जाते. ऑइल थोडं खाते, दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये अर्धा लिटर टाकावं लागतं. या वयाला मला ते चालतं.

पावसात एकदा रस्त्यावर बसवलं तिने. वाशीहून रिकामे क्रेट घेऊन येत होतो. टोकावडे सोडून घाट चढायला लागलो आणि इंजिनच्या तापमानाचा काटा वर जायला लागला. गाडी लगेच बाजूला घेतली. रेडिएटरचा वरचा होजपाइप क्लिपजवळ फुटला होता. जुनं रबर, आतून पापडासारखं झालेलं. इंजिन गार होऊ दिलं, पाइप शेंड्याला दोन इंच कापून पुन्हा बसवला, पाणी भरलं आणि घाटाच्या वरच्या मढ गावापर्यंत तिसऱ्या गिअरला आलो. तसाच रेटला असता तर हेड गॅस्केट गेलं असतं. जुनी गाडी घेणाऱ्याने सगळे होजपाइप आणि फॅनबेल्ट चांगले दिसले तरी पहिल्याच दिवशी बदलावेत. दोन-तीन हजारांचं काम.

लोड मी साठ क्रेटच्या वर घालत नाही. क्रेट धरून बावीस किलो म्हटलं तर तेराशेच्या आसपास होतं, आरसीत तेवढंच लिहिलंय. शेजारचे शंभर-शंभर घालतात आणि मला हसतात. हसू देत. माळशेज उतरताना दुसऱ्या गिअरला इंजिनवर गाडी धरून ठेवता येते, ब्रेक तापत नाहीत. शंभर क्रेटला धुक्यात तो घाट मी उतरणार नाही.

बीएस-4 का, असं खूप जण विचारतात. सेन्सर यातही आहेत आणि बिघाड शोधायला स्कॅनर यालाही लागतो. पण बीएस-6 मधला सायलेन्सरचा काजळीचा फिल्टर यात नाही. शेत ते बाजार असा दहा-बारा किलोमीटरचा हळू पल्ला असेल तर तो फिल्टर पुरता तापत नाही आणि तुंबतो. गावातल्या मिस्त्रीला जमेल अशी गाडी मला हवी होती. पुण्या-मुंबईत रोज लांब पळवणाऱ्याचा हिशोब वेगळा निघेल.

रोज पहाटे दूध पोचवायचंय, एक खाडा परवडत नाही, असं काम असेल तर एवढी चाललेली गाडी घेऊ नका. कर्ज काढून तर अजिबात नको, जुन्या गाडीवर व्याज जास्त लागतं आणि दुरुस्तीला हात रिकामा राहतो. ओळखीचा मिस्त्री नसेल तरी थांबा. माझ्यासारखं हंगामी काम आणि रोख पैसे असतील तर दोन लाखांच्या पुढची गाडीही जरूर बघा. मात्र ती कशावर चालली ते विचारा, आणि मालकाने सांगितलं तरी खाली झोपून बघा.

माझ्या गाडीचं आता मागच्या शॉकअपचं काम आलंय, रिकामी असली की खड्ड्यात मागून उडते. पुढच्या पासिंगच्या आधी करून घेणार आहे.