ठसा बिबट्याचा की तरसाचा?

उसाच्या बांधावर ठसा दिसला की गावभर ‘बिबट्या’ होतो. तो तरसाचाही असू शकतो.

आधी नखं बघा. बिबट्या चालताना नखं आत ओढतो, म्हणून गोलसर ठशात बोटांपुढे टोचे नसतात. तरसाची नखं आत जातच नाहीत. बोटांपुढे बोथट खुणा उमटतात. पण निसरड्या चिखलात बिबट्याही नखं रोवतो, तेव्हा तळव्याची गादी पाहा: बिबट्याच्या गादीला मागच्या कडेला तीन ठळक फुगवटे. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा, त्यामुळे एका ठशावर निकाल देऊ नका. माग काढत पुढचे तीन-चार शोधा.

विष्ठा सापडली तर सोपं. हाडं खाल्ल्याने तरसाची वाळून खडूसारखी पांढरी होते. बिबट्याची पिळदार, केसाळ. जुनी झाली की तीही फिकटते, काडीने फोडून पाहा.