रिटायर झालेल्या मामांसाठी सागवानी पेटी: लालबागच्या मिस्त्रींचं काम

लालबागमध्ये एका चाळीच्या तळमजल्यावर सुतारकामाचा एक छोटा गाळा आहे. बाहेर पाटी नाही, मिस्त्री फोन उचलतीलच असं नाही, आणि काम घेतलं की घाई करत नाहीत. तरी कुणाला लाकडी पेटी करून घेऊन भेट द्यायची असेल, तर मी आधी यांच्याकडेच पाठवीन.

माझे मामा बेस्टमध्ये, म्हणजे मुंबईच्या बससेवेत, कंडक्टर होते. बरीच वर्षं डबलडेकरवर, वरच्या मजल्यावर. त्या गाडीला दोन कंडक्टर असायचे, एक खाली, एक वर. १५ सप्टेंबर २०२३ ला जुनी लाल डबलडेकर शेवटची धावली, त्या दिवशी मामा धड जेवले नव्हते. यंदा ते रिटायर झाले. शाल-श्रीफळ सगळीकडून येतंच. त्यांचा बिल्ला, जपून ठेवलेली कागदी तिकिटं आणि मनगटी घड्याळ एका जागी मानाने राहील, असं काहीतरी मला द्यायचं होतं.

तयार पेट्या पुष्कळ मिळतात. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास पाइनच्या आणि एमडीएफच्या (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीच्या) कोऱ्या पेट्या स्वस्तात मिळतात, त्यावर हौसेने रंगकामही करता येतं. पण एमडीएफने एकदा ओल धरली की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत, आणि आपल्याकडे चार महिने हवा ओलीच. एका ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या नक्षीदार पेटीच्या तळाशी आमच्याकडे पिठासारखी भुकटी पडायला लागली होती. लाकडात कीड होती. म्हणून या वेळी साग, आणि समोर बसून करून घ्यायचं, हे पक्कं होतं.

मिस्त्रींनी डिझाइन विचारलंच नाही. म्हणाले, "आधी वस्तू आणा ताई, मग माप बोलू." वस्तू नेल्या. त्यांनी बिल्ला तळहातावर घेतला, घड्याळाचा पट्टा सरळ ठेवायचा की वळवून ते विचारलं, आणि प्रत्येकाचं माप सुतात (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लिहून घेतलं. बाहेरून बारा बाय आठ इंच, भिंती चार सूत जाड. आत तीन कप्पे. तिकिटांच्या कप्प्याला एका बाजूला अर्धगोल खाच, म्हणजे बोट घालून गठ्ठा उचलता येतो. हे मला सुचलं नसतं. भेटीच्या पेटीत सगळा जीव झाकणावर ओततात आणि आत नुसती पोकळी असते. मग दोन महिन्यांत तिच्यात सेफ्टी पिना आणि बिलं जमतात. या पेटीत प्रत्येक वस्तूला तिचीच जागा आहे.

कोपरे डव्हटेलचे, म्हणजे पंख्यासारखे दाते एकमेकांत अडकवलेले, एक खिळा नाही. सागात तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी सांधे स्पिरिटने पुसून घेतले, नाहीतर फेव्हिकॉल नीट धरत नाही. झाकण चौकटीचं, मधली फळी खाचेत मोकळी सोडलेली. पावसाळ्यात फळी फुगली तरी तिला सरकायला जागा राहते आणि झाकण अडकत नाही.

झाकणावरची डबलडेकर मात्र बघत राहावी अशी. रंग नाही, सगळं लाकडात लाकूड बसवलेलं. गाडीचा लाल भाग पडौक नावाच्या लाल लाकडाचा, खिडक्या पिवळसर हेदूच्या लाकडाच्या, चाकं शिसवीची. तुकडा ठेवून सुरीने रेघ मारायची, पटाशीने एक सूत खोल कोरायचं, तुकडा दाबून बसवायचा. वरच्या मजल्याच्या खिडक्या करंगळीच्या नखाएवढ्या आहेत. शेवटी पॉलिश पेपर घासतील असं वाटलं होतं, तर त्यांनी काचेचा तुकडा घेतला आणि त्याच्या धारेने अलगद खरवडत गेले. पडौकचा भुसा लालभडक असतो. पेपरने घासला तर तो हेदूच्या छिद्रांत शिरतो आणि खिडक्या गुलाबी होतात. बस साफ करत असताना ते दर थोड्या वेळाने फुंकर मारून भुसा उडवत होते. उजेडात पडौकचा लाल रंग हळूहळू तपकिरी होतो, हेही त्यांनी आधीच सांगितलं. म्हणून मामांची पेटी खिडकीपासून लांब, कपाटात आहे.

उशीर झाला तो पॉलिशपायी. लाखेचं पॉलिश दमट हवेत मारलं की पांढरट झाक येते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी पॉलिशचा बोळा हातात घ्यायलाच नकार दिला. मी तगादा लावला, ते हलले नाहीत, आणि बरोबर तेच होते. आतूनही लाखच लावून घ्या. बंद पेटीत तेलाचा वास महिनोन्‌महिने जात नाही.

नापसंत गोष्टी दोन. त्यांनी लावलेली कडी पितळेची नव्हती, लोखंडावर मुलामा होता. लोहचुंबक लावला, चिकटला. सी. पी. टँकच्या हार्डवेअरच्या दुकानांतून मी भरीव पितळेची कडी आणि बिजागऱ्या आणून दिल्या, त्या त्यांनी कुरकुर न करता बसवल्या. पण एवढ्या कामाला असली कडी त्यांनी मुळात लावायलाच नको होती. दुसरं म्हणजे तिकिटांच्या कप्प्यात कागद थेट लाकडावर राहत होता. सागाच्या संगतीत जुना कागद लवकर पिवळा पडतो. मी तिकिटं पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पाकिटांत घातली. पीव्हीसीची घेऊ नका, त्याला शाई चिकटते.

एकूण साडेसहा हजार रुपये, निम्मे आधी. पितळेचं सामान वेगळं. एवढ्या कामाला हे महाग नाही. दसऱ्याला पेटी दिली. मामांनी आधी खिडक्या मोजल्या, मग वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खिडकीवर बोट ठेवून मामींना म्हणाले, "इथे उभा असायचो."

जायचं असेल तर वस्तू सोबत घेऊन जा आणि लोहचुंबकही न्या. पॉलिश पावसाआधी व्हायला हवं असेल तर मार्चमध्येच काम द्या. गणपतीत जाऊ नका, त्या दिवसांत लालबागमध्ये गाळ्यापर्यंत पोचणंच कठीण, आणि मिस्त्रीही मंडपाच्या कामावर असतात.