प्लिकर्सची कार्डं, बेळगावच्या वर्गात एक सेमिस्टर वापरून

आधीच सांगतो, कंपनीशी माझा काही संबंध नाही आणि मला कुणी काही दिलेलं नाही. प्लिकर्स म्हणजे मुलांनी उत्तर दाखवायची छापील कार्डं, शिक्षकाच्या फोनने वाचायची. कार्डं तशी फुकटच आहेत, साइटवरून पीडीएफ उतरवायची आणि झेरॉक्सवाल्याकडनं छापून आणायची. मी बेळगावात डिग्री कॉलेजला इकॉनॉमिक्स शिकवतो, वीस वर्षं होत आली, आणि ह्या वीस वर्षांत बदलत्या मुलांना कसं शिकवायचं ह्यावर जेवढी ट्रेनिंगं पदरात पडली त्यातलं वर्गात खरोखर टिकलेलं असं हे एकच, तेही ट्रेनिंगच्या बाहेर चहा पिताना कळलेलं.

त्या ट्रेनिंगबद्दल पण लिहितो, नाव घालत नाही. तीन दिवस, एसी हॉल, बाहेरून आलेला ट्रेनर, प्रमोशनच्या फायलीला लावायला सर्टिफिकेट, आणि फीडबॅक फॉर्म पहिल्या दिवशी जेवणाआधीच भरून घेतला, म्हणजे पुढं काय होणार ते आम्हाला आधीच आवडलेलं होतं. आजच्या मुलांचं लक्ष आठ सेकंद टिकतं, गोल्डफिशपेक्षा कमी, असं तो म्हणाला. ही मुलं सलग तीन तास क्रिकेट बघतात की हो. मग तो पिरॅमिड आला, वाचलेलं 10 टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं 20 आणि दुसऱ्याला शिकवलेलं 90. एवढे गोल आकडे कुठल्या प्रयोगातनं निघतात, मी इकॉनॉमिक्सचा माणूस, मला तिथंच शंका आली आणि घरी येऊन बघितलं तर एडगर डेल म्हणून एकाने 1946 साली असा शंकू काढला होता, त्यात टक्के नव्हतेच, ते मागनं कुणीतरी चिकटवले. मधल्या सुट्टीत विचारलं तर म्हणाला सर बी पॉझिटिव्ह.

आणि त्याचे डिजिटल विद्यार्थी कोण, तर प्रत्येकाकडे लॅपटॉप, प्रत्येकाकडे नेट, वर्गात काहूट चालवा, मेंटीमीटर चालवा, म्हणजे मुलांनी आपापल्या फोनवरनं उत्तरं द्यायची ती ॲपं. आता माझा वर्ग सांगतो. सकाळी आठचा पहिला पिरियड, खानापूरकडच्या पोरी बस मिळेल तशा येतात (कर्नाटकात 2023 च्या जूनपासून बायकांना सरकारी बस फुकट झाली तेव्हापासून मुलींची हजेरी वाढलीय हे मला माझ्या रजिस्टरवर दिसतं, खरं बसमध्ये उभं राहायला जागा नाही), दोघं-तिघं पहाटे दूध घालून आलेले, एक जण दुपारी उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर जाणारा. फोन बहुतेकांकडे आहे खरं डेटा संपलेला किंवा फोन भावाकडे. त्यात कॉलेजचा नियम वर्गात फोन बंद. काहूटला काय करू?

त्याहून मोठी गोष्ट भाषेची, त्याबद्दल तीन दिवसांत एक स्लाइड नव्हती. आमच्याकडे पोरगं दहावीपर्यंत मराठीत शिकतं, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, एकदम इंग्रजी, डिग्रीला पण इंग्रजी, आणि शेजारच्या बाकावर बैलहोंगलचा मुलगा तसाच कन्नडमधून आलेला. दोघांनाही समजतंय, बोलायला तोंड उघडत नाही. एक पोरगी मला म्हणाली, "सर, कळतंय खरं लिहाय येत नाही." हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. आणि मी विचारणार "कळलं काय?", वर्ग म्हणणार "होsss", आणि मी पुढं जाणार. वीस वर्षं ह्या होकारावर काढली आहेत.

त्या तीन दिवसांत एक तास मात्र चांगला झाला. एक रिटायर्ड बाई आल्या होत्या, पीपीटी नाही काही नाही, त्यांनी विचारलं, प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता? अमेरिकेत 1970 च्या दशकात मेरी बड रो ह्या बाईंनी वर्गातली रेकॉर्डिंगं ऐकून मोजलं होतं की शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात, आणि तेच तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब येतात आणि गप्प बसणारी मुलं पण बोलतात. तीन सेकंद म्हणजे काय मोठं असं वाटतं खरं वर्गासमोर गप्प उभं राहून बघा, घाम येतो. मी आता मनात रेल्वेची स्टेशनं म्हणतो, बेळगाव, देसूर, इदलहोंड, खानापूर. खानापूर आलं की मगच तोंड उघडायचं. अवघड प्रश्न असला तर लोंढ्यापर्यंत जातो.

तर चहा पिताना ह्याच बाईंनी कार्डाचं सांगितलं. चौकोनी कागद, त्यावर काळी ठोकळ्याची नक्षी, क्यूआर कोडच्या भावंडासारखी. चार कडांना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. मुलाने जे उत्तर असेल ती कड वर करून कार्ड धरायचं, आपण आपला फोन वर्गावरनं फिरवायचा, कॅमेरा सगळी कार्डं एकदम वाचतो आणि कुणी काय उत्तर दिलं ते नावासकट फोनवर येतं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी आणि अक्षरं इतकी बारीक की शेजाऱ्याचं कार्ड बघून कॉपी मारणं जमत नाही. मुलांना फोन नको, डेटा नको, लॉगिन नको. नेट लागलं तर माझ्या एकट्याच्या फोनला.

छपाईत मी एक गाढवपणा केला तो तुम्ही करू नका. झेरॉक्सवाला म्हणाला, "सर लॅमिनेशन करूया की, टिकतंय." मी पण हो म्हटलं, मस्त चकचकीत करून आणलं, आणि आमचा वर्ग पूर्वेच्या खिडक्यांचा. सकाळी आठचं ऊन कार्डावर, निम्मी कार्डं वाचलीच जाईनात, पोरं हसायला लागली, एक जण मागनं म्हणाला, "सर आरसा दाखवाय लावलाय काय." पैसे गेले. परत साध्या जाड कागदावर छापून आणली, ती आजवर चालू आहेत. दुसरं म्हणजे पोरं कार्ड धरताना बोटं नक्षीवर ठेवतात, मग वाचलं जात नाही, कडेला धरायला शिकवावं लागतं, पहिला आठवडा त्यातच जातो.

आता खरं काम. मी प्रश्न टाकला: बटाट्याचा भाव उतरला म्हणून लोकांनी जास्त बटाटे घेतले, तर मागणीचा वक्र (कुठल्या भावाला किती खपतं ती रेघ) उजवीकडे सरकला, डावीकडे सरकला, वक्रावरच आपण खाली आलो की काहीच झालं नाही? हे मी आदल्या दिवशी फळ्यावर दोन आकृत्या काढून शिकवलं होतं आणि "कळलं काय"ला होsss मिळालेला होता. कार्डं वर झाली. त्या दिवशी 58 जण होते, बरोबर 19. बाकी बहुतेक सगळे "उजवीकडे सरकला"वर. मी फोन हातात धरून तसाच उभा. गेल्या वीस वर्षांतल्या सगळ्या होकारांचं काय झालं असेल हे डोक्यात आलं, जाऊ दे.

उत्तर सांगायचं नाही, हे बाईंनी बजावलं होतं. हार्वर्डच्या एरिक माझूर ह्यांनी 1991 साली फिजिक्सच्या वर्गात असंच सुरू केलं, त्यांचा अंदाज असा की साधारण 30 ते 70 टक्के मुलांचं बरोबर आलं तर शेजाऱ्याला पटवून द्या म्हणायचं आणि परत मत घ्यायचं. त्याहून कमी असलं तर आपणच परत शिकवायचं, जास्त असलं तर पुढं जायचं. मी म्हटलं, बोला आपापसात, कुठल्या पण भाषेत बोला. आणि वर्गात जो गोंगाट झाला तो मी कधी ऐकला नव्हता. दुसऱ्या बाकावर खानापूरची पोरगी आणि तो बैलहोंगलचा:

"भाव उतरला की माणसं जास्त घेतात की, मग सरकला नाही काय?"

"अगं सरकला कुठं, वक्र तोच की. आपण खाली आलो नुसतं. पगार वाढला तर सरकतंय."

"हौदल्ला!"

हौदल्ला, म्हणजे कन्नडमध्ये "हो की", म्हणणारी पोरगी मराठीतली आणि मराठीत समजावणारा कन्नडमधला, हे बेळगावातच होतं. परत कार्डं वर, 44 बरोबर. माझं एक वाक्य न बोलता. मग मी इंग्रजीत परीक्षेला कसं लिहायचं ते फळ्यावर दिलं, कारण शेवटी पेपर इंग्रजीतच आहे.

स्टाफरूममध्ये एका सरांनी विचारलं की ह्याने पास होतात काय. बरोबरच आहे प्रश्न, कर्नाटकात 2021 ला चार वर्षांची डिग्री आणली, 2024 ला परत तीन वर्षांची केली, दोनदा सिलॅबस बदलून आणि यूयूसीएमएस ह्या सरकारी पोर्टलवर मार्क भरून माणसं थकलीत, त्यात हा कार्डाचा खेळ कशाला. तर 2014 साली अमेरिकेत सायन्स-इंजिनिअरिंगच्या 225 अभ्यासांचा एकत्र हिशेब झालाय, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास होणारे सुमारे 34 टक्के आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात 22. इकॉनॉमिक्सचा नाही तो, आणि बेळगावचा तर नाहीच, माझ्या वर्गाचा निकाल एका सेमिस्टरवरनं मी सांगणार नाही.

तक्रार पण आली. दोन मुलांनी लिहून दिलं की सर शिकवत नाहीत नुसतं विचारतात. वाईट वाटलं, मग कळलं की हार्वर्डच्या पोरांचं पण 2019 मध्ये असंच निघालं होतं, अशा वर्गात शिकली जास्त खरं त्यांना वाटलं कमी शिकलो, कारण डोकं चालवायला लागतं तेव्हा अडखळल्यासारखं होतं आणि छान लेक्चर ऐकताना सगळं गुळगुळीत जातं. मी आता हे पहिल्याच तासाला वर्गाला सांगून टाकतो.

काय जमत नाही ते पण लिहितो. एका संचात कार्डं जास्तीत जास्त 63 आणि माझ्या वर्गात नावं 71. सगळे आले तर आठ जण उरतात, त्यांना शेजाऱ्याबरोबर जोडीने बसवतो, रोज आठ जण गैरहजर असतातच असं म्हणणारे पण आहेत. फक्त पर्यायाचे प्रश्न चालतात, लिहायचं काहीच नाही, म्हणजे त्या "लिहाय येत नाही"वाल्या पोरीचा अर्धाच प्रश्न सुटला. तिच्यासाठी मी तासाच्या शेवटी अर्धा कागद देतो, आज काय कळलं ते दोन ओळी, आधी मराठीत किंवा कन्नडमध्ये मग इंग्रजीत. घरी लिहून आणायला सांगत नाही, चॅटजीपीटी आल्यापासून घरून येणाऱ्या असाइनमेंटांत सगळ्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं झालंय. आणि चांगला प्रश्न तयार करायला वेळ लागतो, हे कुणी सांगत नाही. चुकीचे पर्याय मुलं खरोखर करतात त्या चुकांतले पाहिजेत, नाहीतर सगळे बरोबर उत्तर देतात आणि आपल्यालाच बरं वाटतं. तासाला दोन प्रश्न, बास. मला एका प्रश्नाला अजून पण अर्धा तास लागतो.

नावासकट उत्तर दिसतं ते पडद्यावर दाखवू नका. मी एकदा चुकून दाखवलं, मागच्या बाकावरच्या एकाने पुढचे चार दिवस कार्ड वर केलं नाही.

ट्रेनिंगला पाचपैकी एक, तो पण बाईंच्या तासाला. कार्डांना चार. छपाईला माझे साधारण चारशे गेले, लॅमिनेशनचे वाया गेलेले वेगळे. कार्ड हरवलं तर त्याच नंबरचं पान परत छापायचं, दुसऱ्याचं चालत नाही. आमचं 23 नंबरचं हरवलंय, जिचं होतं ती पोरगी खानापूरच्या बसमध्ये राहिलं म्हणते.